दोन कायदेशीर बंदुका: ऑस्टिनचं पेरी-फॉस्टर प्रकरण

अमेरिकेतल्या २०२० च्या उन्हाळ्याबद्दल बोलताना बहुतेकांना विस्कॉन्सिन राज्यातलं केनोशा शहर आणि तिथल्या निदर्शनांतला गोळीबार आठवतो. सतरा वर्षांचा कायल रिटनहाउस, त्याची एआर-१५ रायफल, दोन मृत्यू आणि पुढच्या वर्षी निर्दोष सुटका. पण स्वसंरक्षणाचा कायदा आणि राजकारण एकमेकांत किती गुंतू शकतात हे समजून घ्यायचं असेल, तर केनोशाच्या बरोबर एक महिना आधी टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात जे घडलं ते जास्त उपयोगी आहे. इथे मरणाऱ्याकडेही बंदूक होती आणि मारणाऱ्याकडेही. दोघंही आपापल्या बंदुका कायद्याने बाळगत होते. दोघंही गोरे, दोघांचाही सैन्याशी संबंध. मारणारा लष्करात नोकरीला होता, तर मरणारा हवाई दलातून बाहेर पडलेला. प्रकरण ज्युरीपुढे गेलं, निकाल लागला, शिक्षा झाली आणि मग राज्यपालांनी ती पुसून टाकली.

घटना

२५ मे २०२० ला मिनियापोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइडचा पोलिसांच्या हातून मृत्यू झाला आणि देशभर लोक रस्त्यावर उतरले. ऑस्टिनला स्वतःचंही कारण होतं. त्याच्या महिनाभर आधी, २४ एप्रिलला, शहराच्या पोलिसांनी माइक रामोस या निःशस्त्र माणसाला गोळी घातली होती. त्यामुळे तिथल्या मोर्चांमध्ये दोन्ही नावांच्या घोषणा होत असत. जुलै संपत आला तरी मोर्चे थांबले नव्हते.

शनिवार, २५ जुलै. रात्रीचे दहा वाजत आले होते. मोर्चा काँग्रेस ॲव्हेन्यूवरून चालला होता. विधानभवनापर्यंत जाणारा हा शहराचा मुख्य रस्ता. मोर्चात अठ्ठावीस वर्षांचा गॅरेट फॉस्टर होता. आपल्या वाग्दत्त वधूची चाकाची खुर्ची ढकलत तो चालायचा. ती कृष्णवर्णीय. आजारपणात तिने दोन्ही हात आणि दोन्ही पाय गमावलेले, आणि तेव्हापासून तिची देखभाल तोच करत असे. या मोर्चांना दोघं नेमाने येत. त्या रात्री फॉस्टरच्या छातीवर पट्ट्याला अडकवलेली एके-४७ धाटणीची रायफल होती.

टेक्सासमध्ये लांब नळीची बंदूक उघडपणे घेऊन फिरायला परवाना लागत नाही. आपल्याकडे निवडणूक आली की परवान्याची बंदूकसुद्धा बहुधा पोलिस ठाण्यात जमा करावी लागते. त्यामुळे मराठी वाचकाला हे चित्र पचायला थोडा वेळ लागतो: मोर्चाची राजकीय गर्दी, आजूबाजूला पोलिस, त्यात रायफल लटकवलेला माणूस, आणि यातलं काहीच बेकायदा नाही.

डॅनियल पेरी लष्करात सार्जंट होता, फोर्ट हूड तळावरचा. त्या रात्री तो जोडधंदा म्हणून उबर चालवत होता. एका प्रवाशाला सोडून झाल्यावर त्याने चौथ्या रस्त्यावरून काँग्रेस ॲव्हेन्यूकडे उजवं वळण घेतलं. समोर मोर्चा. सरकारी पक्षाच्या म्हणण्यानुसार त्याने लाल सिग्नल तोडून गाडी गर्दीत घातली. बचाव पक्षाचं म्हणणं, पुढे मोर्चा आहे हे त्याला कळलंच नाही. गाडी थांबली. लोकांनी तिला घेरलं, काहींनी हाताने ठोकली. फॉस्टर ड्रायव्हरच्या खिडकीकडे आला. पेरीने रिव्हॉल्व्हर काढून खिडकीतून पाच गोळ्या झाडल्या आणि गाडी पळवली. गर्दीतल्या दुसऱ्या एका माणसाने पळणाऱ्या गाडीवर गोळ्या झाडल्या. फॉस्टर मेला. थोड्या अंतरावर जाऊन पेरीने स्वतःच पोलिसांना फोन लावला.

पोलिसांनी त्याची चौकशी केली आणि त्याला सोडून दिलं. गाडीवर गोळ्या झाडणाऱ्या माणसालाही सोडलं. त्या रात्रीपुरतं तरी पोलिसांच्या दृष्टीने हे दोन परवानाधारक नागरिक होते.

बंदूक मोर्चात आली कशी

इथे थोडं मागे जायला हवं, नाहीतर फॉस्टर रायफल घेऊन का आला होता हे वेडेपणाचं वाटेल. अमेरिकेत मोर्चातली बंदूक आधी कोणाच्या हातात दिसते आणि कायदा तिच्याकडे कसा बघतो, याला इतिहास आहे. १९६७ च्या मे महिन्यात कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर पक्षाचे कार्यकर्ते भरलेल्या बंदुका घेऊन कॅलिफोर्नियाच्या विधानभवनात शिरले. त्याच वर्षी तिथे भरलेली बंदूक उघडपणे बाळगण्यावर बंदी घालणारा मलफर्ड कायदा झाला आणि त्यावर सही केली राज्यपाल रोनाल्ड रेगन यांनी. पुढे बंदूकवाल्यांचा लाडका नेता ठरलेला हाच माणूस. उलट, ३० एप्रिल २०२० ला मिशिगनच्या विधानभवनात टाळेबंदीविरोधी निदर्शक रायफली घेऊन उभे राहिले, तेव्हा ते त्या राज्याच्या कायद्याला धरूनच होतं.

टेक्सासकडे तर ताजा धडा होता. ७ जुलै २०१६ ला डॅलसमध्ये पोलिसांविरुद्धच्या मोर्चावेळी एका माणसाने पाच पोलिस अधिकारी मारले. त्या मोर्चात इतरही काही जण कायदेशीर रायफली लटकवून आले होते. गोळीबार सुरू झाल्यावर ते पळाले, आणि हल्लेखोर कोण हे ओळखणं पोलिसांना अवघड झालं. एका निरपराध माणसाचा फोटो पोलिसांनी संशयित म्हणून प्रसिद्धही केला. यावर डॅलसचे पोलिसप्रमुख डेव्हिड ब्राउन जाहीरपणे बोलले. कायदा मात्र होता तसाच राहिला. उलट १ सप्टेंबर २०२१ पासून टेक्सासमध्ये बहुतेक प्रौढांना पिस्तूल बाळगायलाही परवाना लागेनासा झाला.

फॉस्टरने त्या संध्याकाळी एका स्वतंत्र पत्रकाराला कॅमेऱ्यासमोर मुलाखत दिली होती. आम्हाला रस्त्यावर चालू देत नाहीत, म्हणून मी आपला हक्क बजावतो आहे, असा तिचा सूर होता. पोलिसांवर ही बंदूक चालवली तर मीच मरेन, हेही तो म्हणाला. आणि आमचा द्वेष करणाऱ्यांमध्ये थांबून काही करायची हिंमत नाही, असंही, तेही शिवराळ भाषेत. मुलाखत दोन्ही पक्षांच्या कामाला आली. सरकारी पक्षासाठी हा हक्क दाखवणारा माणूस होता, बचावासाठी भांडण शोधणारा. मला दोन्ही अर्थ त्यात दिसतात, आणि खरं तर मोर्चात बंदूक लटकवण्याचा हेतूच असा दुहेरी असतो. ती वापरायची नसते, पण वापरली जाऊ शकते हे समोरच्याला दिसावं लागतं. नाहीतर ती घरीच ठेवली असती.

कायदा काय विचारतो

टेक्सासच्या दंडसंहितेत जीवघेण्या बळाने स्वसंरक्षण करण्याचं कलम आहे. समोरचा बेकायदा जीवघेणं बळ वापरतो आहे किंवा वापरू पाहतो आहे आणि ते टाळायला तत्काळ असंच बळ गरजेचं आहे, असं वाजवीपणे वाटलं तर माणूस गोळी झाडू शकतो. २००७ मध्ये विधिमंडळाने त्यात भर घातली. माणसाला त्या जागी असण्याचा हक्क असेल, त्याने समोरच्याला डिवचलं नसेल आणि तो स्वतः गुन्हा करत नसेल, तर त्याच्यावर माघार घेण्याचं बंधन नाही. हाच ‘स्टँड युअर ग्राउंड’ कायदा. २००५ मध्ये फ्लोरिडाने तो आणला आणि पुढे अनेक राज्यांनी उचलला. टेक्सासने घर आणि कामाच्या जागेबरोबर गाडीलाही खास संरक्षण दिलं: कोणी तुमच्या गाडीत बळजबरीने घुसू पाहत असेल, तर तुमची भीती वाजवी होती असंच न्यायालय धरून चालतं.

पुराव्याचं ओझंही आरोपीवर नसतं. त्याने स्वसंरक्षणाचा थोडाफार आधार दाखवला की तो दावा वाजवी संशयापलीकडे खोडून काढायची जबाबदारी सरकारी पक्षावर येते. म्हणजे ऑस्टिनच्या सरकारी वकिलांची लढाई सोपी नव्हती. गाडी घेरलेली, लोक ठोकताहेत, खिडकीशी रायफलवाला. ज्युरीतल्या कोणाही सामान्य माणसाने स्वतःला त्या सीटवर बसवून पाहिलं तर त्याचा घसा कोरडा पडेल.

आता हाच कायदा फॉस्टरच्या बाजूने लावून बघा. एक गाडी गर्दीत घुसली आहे, बाजूला चाकाच्या खुर्चीत तुमची माणसं आहेत. गाडीने मोर्चे चिरडणं ही त्या काळात नुसती कल्पना नव्हती. २०१७ मध्ये शार्लट्सव्हिलला एका माणसाने असंच हीदर हायर या तरुणीला मारलं होतं. फॉस्टरला तिथे असण्याचा हक्क होता, बंदूक बाळगण्याचा हक्क होता आणि वाजवी भीतीही होती. त्याने आधी गोळी झाडली असती तर कदाचित आरोपीच्या खुर्चीत तो बसला असता आणि याच कलमाखाली बचाव करत असता. कायदा दोघांनाही एकसारखा हक्क देतो आणि मग जिवंत राहणाऱ्याची बाजू ऐकतो. मेलेल्याच्या भीतीला साक्षीला बोलावता येत नाही.

खटला

जानेवारी २०२१ मध्ये ट्रॅव्हिस काउंटीला, म्हणजे ऑस्टिन ज्यात येतं त्या जिल्ह्याला, होझे गार्झा हे नवे डिस्ट्रिक्ट ॲटर्नी (मुख्य सरकारी वकील) मिळाले. पोलिस आणि तुरुंग व्यवस्थेत सुधारणा करण्याच्या वचनावर निवडून आलेले. अमेरिकेत हे पद बहुतेक ठिकाणी निवडणुकीने भरतात, त्यामुळे सरकारी वकिलाच्या प्रत्येक निर्णयाला राजकीय वास येतोच. १ जुलै २०२१ ला ग्रँड ज्युरीने, म्हणजे खटला चालवण्याइतका आधार आहे का हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या गटाने, पेरीवर खुनाचा आरोप ठेवला. तपास करणाऱ्या पोलिस अधिकाऱ्याला हे पटलं नव्हतं. पेरीच्या बाजूचे पुरावे ग्रँड ज्युरीपुढे ठेवू दिले नाहीत, असं प्रतिज्ञापत्र त्याने दिलं. न्यायाधीश क्लिफर्ड ब्राउन यांनी त्यावरून खटला रद्द केला नाही. तरी पोलिस आणि सरकारी वकील एकमेकांच्या विरोधात उभे आहेत हे साऱ्यांना दिसलं, आणि पुढच्या राजकारणाला ते पुरेसं होतं.

खटला २०२३ च्या वसंतात चालला. पेरी स्वतः साक्षीला उभा राहिला नाही, पण त्या रात्रीच्या पोलिस चौकशीची चित्रफीत ज्युरीने पाहिली. प्रकरणाचा कणा तिथेच आहे. फॉस्टर बंदूक रोखणार असं मला वाटलं, त्याला रोखायची संधी मला द्यायची नव्हती, असं पेरी त्यात सांगतो. रोखली, असं म्हणत नाही. मोर्चातल्या साक्षीदारांनीही सांगितलं की फॉस्टरने रायफल उचलून त्याच्यावर धरली नव्हती. बचाव पक्षाने याच्या उलट बाजू मांडली.

केनोशाशी तुलना इथेच करावी. रिटनहाउसच्या खटल्यात जखमी झालेल्या माणसाने साक्षीत कबूल केलं की त्याचं पिस्तूल रिटनहाउसकडे रोखलं गेल्यावरच रिटनहाउसने गोळी झाडली. त्या उत्तरानंतर सरकारी पक्षाची बाजू सावरली नाही आणि १९ नोव्हेंबर २०२१ ला ज्युरीने त्याला सोडलं. दोन्ही निकाल एकमेकांविरुद्ध वाटतात. माझ्या मते ते एकाच रेषेच्या दोन बाजूंना आहेत. कायदेशीर बंदूक नुसती समोर असणं म्हणजे धोका, असं धरलं तर उघडपणे बंदूक बाळगण्याचा हक्क म्हणजे कोणीही गोळी घालावी असा परवाना होऊन बसतो. बंदुकीच्या हक्कासाठी सगळ्यात मोठ्याने बोलणाऱ्यांनीच खरं तर हा मुद्दा उचलायला हवा होता. फार थोड्यांनी उचलला.

दुसरा पुरावा पेरीच्या फोनमधला. कामावर जाताना कदाचित काही माणसं मारावी लागतील, माझ्या घराबाहेर दंगल चालली आहे, अशा अर्थाचं त्याने आधी लिहिलं होतं. एका मित्राने विचारलं, कायद्याने तसं करता येतं का? हल्ला केला किंवा गाडीतून ओढायचा प्रयत्न केला तर येतं, असं त्याचं उत्तर. हा नुसता राग नाही. स्वसंरक्षणाच्या कलमाची त्याने आधीच उजळणी केली होती. त्यावरून तो त्या रात्री ठरवून तिथे गेला असं सिद्ध होत नाही, आणि तसा निष्कर्ष काढायची माझी तयारी नाही. पण क्षणात सुचलेली भीती आणि आधीपासून मनात घोळवलेला प्रसंग, यांतला फरक ज्युरीने तोलला असणार.

७ एप्रिल २०२३ ला, दोन दिवसांच्या चर्चेनंतर, बारा जणांनी एकमताने खुनाचा दोष ठेवला. जीवघेण्या हल्ल्याच्या वेगळ्या आरोपातून त्यांनी पेरीला सोडलं. डोळे मिटून शिक्षा ठोठावणारी ज्युरी असं करत नाही.

चोवीस तास

त्याच रात्री फॉक्स न्यूज या वाहिनीवर उजव्या विचारांचे निवेदक टकर कार्लसन यांनी निकालावर झोड उठवली आणि राज्यपाल ग्रेग ॲबट यांना लक्ष्य केलं. दुसऱ्या दिवशी, ८ एप्रिलला, ॲबट यांनी ट्विट केलं: टेक्सासचा स्वसंरक्षणाचा कायदा देशातल्या सर्वांत भक्कम कायद्यांपैकी आहे, ज्युरीला किंवा पुरोगामी डिस्ट्रिक्ट ॲटर्नीला तो रद्द करता येणार नाही, आणि राज्याच्या माफी मंडळाची शिफारस येताच मी माफीवर सही करेन. शिक्षा अजून सुनावलेली नव्हती. नवा खटला चालवावा हा बचाव पक्षाचा अर्ज ऐकला जायचा होता. अपील तर दूरच. ॲबट हे काही कायदा न कळणारे गृहस्थ नाहीत. टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाचे ते न्यायाधीश होते आणि नंतर बारा वर्षं राज्याचे ॲटर्नी जनरल.

निकालानंतर पेरीचे आणखी संदेश आणि पोस्ट न्यायालयाने खुल्या केल्या. त्यात कृष्णवर्णीयांबद्दल उघड वंशद्वेष होता. काही दिवस राज्यपालांचे समर्थक गप्प झाले. १० मे रोजी न्यायाधीश ब्राउन यांनी पंचवीस वर्षांची शिक्षा सुनावली. ५ ते ९९ वर्षं किंवा जन्मठेप एवढी मुभा त्यांच्यापुढे होती.

टेक्सासच्या राज्यपालाला स्वतःच्या मर्जीने माफी देता येत नाही. मागचं कारण मजेशीर आहे. १९२० च्या दशकात मिरियम ‘मा’ फर्ग्युसन या राज्यपाल बाईंनी कैद्यांना इतक्या सढळ हाताने सोडलं की माफीसाठी पैसे चारले जातात अशी बोलवा उठली. अखेर १९३६ मध्ये राज्यघटना दुरुस्त झाली आणि माफीसाठी स्वतंत्र मंडळाची शिफारस आवश्यक ठरली. राज्यपालाच्या हातावर लगाम म्हणून हे मंडळ आलं. फक्त त्याचे सातही सदस्य आता राज्यपालच नेमतो.

१६ मे २०२४ ला मंडळाने एकमताने शिफारस केली. ॲबट यांनी त्याच दिवशी सही केली आणि पेरी लगेच तुरुंगाबाहेर आला. माफी पूर्ण होती, बंदूक बाळगण्याच्या हक्कासकट. गार्झा यांनी मंडळ आणि राज्यपाल दोघांवरही राजकारणाचा आरोप केला.

याच मंडळाची आणखी एक फाइल आठवते. जॉर्ज फ्लॉइड टेक्सासमधल्या ह्यूस्टनला वाढलेला. २००४ मध्ये तिथे अमली पदार्थाच्या किरकोळ गुन्ह्यात त्याला शिक्षा झाली होती आणि त्याला अटक करणाऱ्या पोलिस अधिकाऱ्याची विश्वासार्हता पुढे धुळीला मिळाली. ऑक्टोबर २०२१ मध्ये मंडळाने फ्लॉइडला मरणोत्तर माफी द्यावी अशी एकमताने शिफारस केली. ॲबट यांच्याकडे ती महिने दोन महिने पडून राहिली. डिसेंबरमध्ये मंडळाने प्रक्रियेत त्रुटी राहिल्याचं सांगत शिफारस परत घेतली, आणि पुढच्या वर्षी अर्ज नाकारला. तिथे सही करायची घाई कोणाला नव्हती.

निकाल कोणाचा

माफीला माझा तत्त्वतः विरोध नाही. ज्युरी चुकते, आणि चुकीवर उतारा असावा म्हणून हा अधिकार आहे. पेरीचा खटला वादातीत होता असंही मी म्हणणार नाही. तपास अधिकाऱ्याचंच मत वेगळं होतं, गाडीभोवती गर्दी होती, समोर रायफल होती. पंचवीस वर्षं जास्त वाटली असती तर शिक्षा कमी करता आली असती. त्याचा अधिकारही मंडळाच्या शिफारशीने राज्यपालाला आहेच. पण इथे माफीचं वचन पुरावा वाचून, शिक्षा पाहून दिलं गेलं नाही. निकालानंतर चोवीस तासांत, दूरचित्रवाणीवरच्या दटावणीनंतर दिलं गेलं. आणि दया दाखवतो असं म्हटलं गेलं नाही, ज्युरीने कायदा मोडला असं म्हटलं गेलं. वास्तविक तोच कायदा न्यायाधीशांनी ज्युरीला समजावून सांगितला होता, आणि त्याच्याच आधारे तिने निर्णय दिला होता.

याचा एक परिणाम फारसा चर्चेत आला नाही. पेरीची बाजू वरच्या न्यायालयात पूर्ण तपासली गेली असती, तर एक प्रश्न निकाली निघाला असता: उघडपणे बंदूक बाळगणं कायदेशीर असलेल्या राज्यात, खाली धरलेली बंदूक घेऊन कोणी जवळ आलं, तर ती ‘तत्काळ’ धोका मानायची का? सिग्नल तोडून गर्दीत शिरणारा चालक ‘डिवचणारा’ ठरतो का? माफीने शिक्षा गेली आणि हे प्रश्नही अनुत्तरितच राहिले. टेक्सासमधल्या पुढच्या मोर्चात रायफल घेऊन जाणाऱ्याला आणि त्याच्या शेजारून गाडी नेणाऱ्याला, दोघांनाही याची उत्तरं कायद्याच्या पुस्तकात आज मिळत नाहीत. ती मिळतील त्या काउंटीचा डिस्ट्रिक्ट ॲटर्नी कोण आहे आणि राज्यपाल कोण आहे यावरून.